माहिती फुटते तेव्हा दावा कुणी लावायचा?

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाची माहिती कुठे कुठे साठवलेली आहे, याची यादी करायला बसलं तर वहीचं पान पुरत नाही. वडील वाळूजला किंवा शेंद्र्याला कामाला, पगाराचं खातं एका बँकेत आणि घरकर्ज दुसरीकडे. गॅसचं कार्ड आईच्या नावावर. आजोबांची आरोग्य विम्याची पॉलिसी, आणि तिच्या फाइलमध्ये त्यांच्या साखरेचे, हृदयाचे जुने रिपोर्ट. मुलगी एमपीएससीचे फॉर्म भरते, मुलगा मोबाइलवरून पिझ्झा मागवतो. गजानन महाराज मंदिराकडून येणाऱ्या रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात या सगळ्यासाठी आधार आणि पॅनच्या प्रती निघतात, स्कॅन होतात आणि कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसतात. ती कंपनी मुंबईची असते, चेन्नईची असते, नोएडाची असते. तिथे राखण कशी आहे, हे घरातल्या कुणालाही ठाऊक नसतं आणि विचारायची सोयही नसते.

अशी माहिती फुटली तर भरपाई कुणी, कुणाकडे आणि कशी मागायची, हा या लेखाचा विषय आहे. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण येत्या काही महिन्यांत आपल्या हातातला एक हक्क कायद्याच्या पुस्तकातून निघून जाणार आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आधी २०१६ ची गोष्ट. त्या ऑक्टोबरमध्ये देशातल्या बँकांची सुमारे ३२ लाख डेबिट कार्डं धोक्यात आल्याचं उघड झालं. काही बँकांची एटीएम सांभाळणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेस या कंपनीच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरलं होतं आणि काही आठवडे ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तेव्हा जे आकडे दिले, ते नीट वाचण्यासारखे आहेत. १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांनी तक्रार केली होती आणि त्यांचे मिळून सुमारे १ कोटी ३० लाख रुपये गेले होते. म्हणजे ज्यांचे पैसे गेले त्यांचे सरासरी माणशी वीस हजार. बाकी लाखो लोकांची कार्डं बंद झाली, पिन बदलावे लागले, नव्या कार्डासाठी खेटे पडले, आणि आपलं खातं अजून उघडं तर नाही ना ही धास्ती मागे राहिली.

माहितीच्या गळतीचं नुकसान असं पसरलेलं असतं. थोड्यांना मोठी झळ बसते, पुष्कळांना थोडी, आणि कित्येकांना ती दोन-तीन वर्षांनी बसते. चोरलेला मोबाइल नंबर, पत्ता आणि पॉलिसीचा क्रमांक हाताशी ठेवून कुणी तरी फोन करतं, आजोबांना त्यांच्या नावाने आणि त्यांच्या आजाराने ओळखतं, आणि ‘क्लेमचे पैसे अडकलेत, ओटीपी सांगा’ म्हणतं. तेव्हा ही माहिती नेमकी कुठून गेली, हे सिद्ध करणं घरच्यांना अशक्य होऊन बसतं. पैसेच गेले असतील तर निदान रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक पाठीशी आहे: चूक बँकेची असेल, किंवा ती ना बँकेची ना ग्राहकाची तर मधल्या यंत्रणेची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर काही तोशीस नाही. पण फुटलेल्या माहितीला हे परिपत्रक लागू पडत नाही.

एकट्याने दावा लावायचा तर वकिलाची फी, तारखा आणि कामाचे बुडालेले दिवस हे सगळं संभाव्य भरपाईपेक्षा जास्त होतं. म्हणून कुणी जात नाही. कुणी जात नाही हे कंपनीलाही कळतं, आणि सुरक्षेवर खर्च करण्याची घाई तिला उरत नाही. सामूहिक दाव्याची कल्पना हा हिशेब उलटा करण्यासाठी आहे. एकाच कारणाने, एकाच कंपनीकडून, सारख्याच पद्धतीने दुखावलेल्या हजारो लोकांच्या वतीने दोन-चार जण न्यायालयात जातात, आणि जो निकाल लागेल तो सगळ्यांना लागू होतो.

या दाव्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिका. तिथल्या संघीय दिवाणी नियमांतला २३ वा नियम १९६६ पासून आजच्या रूपात आहे. न्यायाधीशाने गटाला मान्यता दिली की स्वतःहून बाहेर पडणारे सोडून सगळे त्या दाव्यात धरले जातात. इक्विफॅक्स या पतमापन कंपनीचं प्रकरण यातलं सर्वांत गाजलेलं. तिच्या संगणकांवरच्या एका सॉफ्टवेअरमधली त्रुटी मार्च २०१७ मध्ये जाहीर झाली होती आणि दुरुस्तीही उपलब्ध होती. कंपनीने ती केली नाही. मे ते जुलैदरम्यान चोरांनी सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती नेली आणि कंपनीने ते सप्टेंबरमध्ये सांगितलं. २०१९ मध्ये तडजोड झाली, ग्राहकांसाठी ४२.५ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम ठरली. रोख भरपाई माणशी १२५ डॉलर मिळेल असं आधी जाहीर झालं. पण त्यासाठी बाजूला काढलेले पैसे फक्त ३.१ कोटी डॉलर होते आणि अर्जांचा पूर आला. शेवटी अनेकांच्या हाती अगदी किरकोळ रक्कम आली. वकिलांची फी मात्र ७.७५ कोटी डॉलर ठरली.

हे वाचून सामूहिक दावा म्हणजे वकिलांची चंगळ, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो पटत नाही. सुरक्षेतली हयगय महाग पडते, हा धडा त्या रकमेने कंपन्यांच्या संचालक मंडळांपर्यंत पोहोचवला, आणि दंडाच्या भीतीपेक्षा तो खोल गेला. अमेरिकेतली खरी अडचण वेगळी आहे. २०२१ च्या ट्रान्सयुनियन प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रत्यक्ष हानी दाखवल्याशिवाय दावाच करता येणार नाही. गटात ८,१८५ लोक होते. त्यांच्या पतअहवालांत चुकीची माहिती होती. पण ती त्रयस्थांकडे गेली होती फक्त १,८५३ जणांची, म्हणून तेवढेच टिकले. बाकीच्या ६,३३२ जणांची हानी न्यायालयाला पुरेशी खरी वाटली नाही.

युरोप दुसऱ्या दिशेने गेला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी फेसबुकच्या प्रकरणात सांगितलं की आपल्या माहितीवरचा ताबा सुटणं हीच हानी आहे. गैरवापर झाल्याचा वेगळा पुरावा लागत नाही, आणि अशा वेळी १०० युरोच्या आसपास भरपाई योग्य ठरू शकते. ब्रिटनमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या २०१८ च्या गळतीत दोन्ही गोष्टी घडल्या: माहिती आयुक्तांनी २ कोटी पौंडांचा दंड केला, आणि ज्यांनी नावं नोंदवून एकत्र दावा लावला त्या प्रवाशांशी कंपनीने २०२१ मध्ये वेगळी तडजोड केली. दंड सरकारचा, भरपाई माणसाची. हा फरक लक्षात ठेवावा, कारण आपल्याकडे नेमकं इथेच घोडं अडलं आहे.

आपल्याकडची पहिली मोठी ठिणगी पुण्यात पडली होती. २००५ मध्ये एमफेसिसच्या पुण्यातल्या कॉल सेंटरमधल्या काही जणांनी सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांचे पिन मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केले. गुन्हेगार पकडले गेले, पण ग्राहकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी कंपनीवर टाकणारं कलम तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्यात नव्हतं. २००८ च्या दुरुस्तीने ते आलं: कलम ४३अ, २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू. संवेदनशील माहिती बाळगणाऱ्या कंपनीने वाजवी सुरक्षा ठेवली नाही आणि त्यामुळे कुणाचं नुकसान झालं, तर कंपनीने त्याला भरपाई द्यायची. पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. ते या कामापुरते न्यायनिर्णय अधिकारी असतात.

महाराष्ट्रात राजेश अग्रवाल हे सचिव असताना या अधिकाराला धार होती. २०१३ मध्ये पुण्याच्या पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज या कंपनीला पंजाब नॅशनल बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश त्यांनी दिला. त्या खात्यातून ८० लाखांहून अधिक रक्कम गेली होती. बनावट ईमेलला उत्तर देण्याची चूक तक्रारदाराची होती, म्हणून काही भार त्याच्यावर. पण चोरांची खाती पुरेशी तपासणी न करता उघडू दिली, ही चूक बँकेची. पुढच्याच वर्षी आयआयटी कानपूरचे माजी संचालक संजय धांडे यांच्या प्रकरणात, परस्पर दुसरं सिमकार्ड दिल्यामुळे खातं रिकामं झालं म्हणून, मोबाइल कंपनी आणि बँक दोघींनाही भरपाई द्यायला लावली गेली. कुणाच्या हलगर्जीचा वाटा किती, हे मोजून रक्कम वाटून देणारे हे आदेश आहेत. भारतात असं काम होऊ शकतं, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे.

तरीही हा रस्ता अरुंद राहिला. २०११ च्या नियमांनी ‘संवेदनशील’ कशाला म्हणायचं ते ठरवलं: पासवर्ड, बँक आणि कार्डाचे तपशील, आरोग्याची माहिती, बायोमेट्रिक वगैरे. नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर त्यात नाहीत. पिझ्झा मागवणाऱ्या मुलाचा नंबर आणि घराचा पत्ता फुटला तर ४३अ हात वर करतं. शिवाय हे कलम व्यापार-व्यवसाय करणाऱ्या संस्थांपुरतं आहे. एप्रिल २०२३ मध्ये एमपीएससीच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची ९० हजारांहून अधिक हॉलतिकिटं टेलिग्रामवर आली, परीक्षा तोंडावर असताना. आपल्या शहरात खोल्या घेऊन, डबा लावून अभ्यास करणाऱ्या पोरापोरींच्या पोटात तेव्हा गोळा आला. पण आयोग काही कंपनी नव्हे, म्हणून भरपाईचं हे दार त्यांच्यासाठी नव्हतंच. आणि ज्यांच्यासाठी होतं, त्यांच्यासाठीही ते मंत्रालयात. छत्रपती संभाजीनगरहून देवगिरी एक्सप्रेसने रात्र काढून मुंबई गाठायची, तीही पंधरा-वीस हजारांसाठी, हे पगारदार माणसाला झेपत नाही.

मग न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती आली. आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेल्या श्रीकृष्णांच्या समितीने २०१८ मध्ये मसुदा दिला आणि त्यातून २०१९ चं विधेयक तयार झालं. त्या विधेयकाच्या ६४ व्या कलमात भरपाईचा हक्क होताच, पण आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली होती: एकाच कंपनीच्या कसुरीमुळे ज्यांचं नुकसान झालं अशा सगळ्यांच्या वतीने, किंवा ओळखता येणाऱ्या एखाद्या गटाच्या वतीने, एकच तक्रार करता येईल. माहितीच्या गळतीवरचा सामूहिक दावा भारतीय कायद्याच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला होता. ३ ऑगस्ट २०२२ रोजी ते विधेयक मागे घेण्यात आलं.

त्याच्या जागी ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात चांगलंही आहे. गळती झाली की कंपनीने प्रत्येक बाधित माणसाला कळवायचं आहे, नाव-नंबरसकट सगळी वैयक्तिक माहिती संरक्षणाखाली येणार आहे, आणि सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण तो दंड कलम ३४ नुसार भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला द्यायची भरपाई या कायद्यात नाही. त्याहून वाईट म्हणजे याच कायद्याचं ४४ वं कलम माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ४३अ काढून टाकतं. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेने ही तरतूद अठरा महिन्यांनी अमलात यायची आहे, म्हणजे मे २०२७ मध्ये. ज्या कलमावर पूना ऑटोसारखे दावे उभे राहू शकतात तेच त्यानंतर नसेल. आजोबांचे हृदयाचे रिपोर्ट टेलिग्रामवर विकले गेले तर कंपनी सरकारला पैसे देईल, आजोबांना एक ईमेल येईल. ही माझ्या मते या कायद्यातली सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती दुरुस्त करण्यासाठी खासदारांना पत्रं लिहिण्याची वेळ अजून गेलेली नाही.

आजोबांचं उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती टेलिग्रामवरच्या चॅटबॉटमधून मिळू लागली. चोराचा दावा होता ३ कोटी १० लाख ग्राहकांचा, आणि त्यात वैद्यकीय अहवालही होते. कंपनी मद्रास उच्च न्यायालयात गेली, टेलिग्राम आणि त्या हॅकरविरुद्ध. माहिती पसरणं थांबवण्यासाठी ते हवंच होतं. पण अशा खटल्यात ग्राहक पक्षकार नसतो आणि त्याच्या नुकसानीचा प्रश्न तिथे निघत नाही.

तर ग्राहकाने कुठे जायचं? माझं उत्तर आहे ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तीन गोष्टी आहेत, ज्या या कामासाठी एकत्र वापरायला हव्यात. एक, ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याला सोडून दुसऱ्याला उघड करणं ही कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. दोन, कलम २(११) मध्ये सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत निष्काळजीपणाने झालेलं नुकसान तर आहेच, पण ग्राहकापासून जाणूनबुजून दडवलेली माहितीही आहे. गळती झाल्यावर महिनोन्‌महिने गप्प बसलेल्या कंपनीला ती लागू पडावी. तीन, कलम ३५(१)(क): सारखे हितसंबंध असलेल्या सगळ्या ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक ग्राहक आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात.

चोरी झाली म्हणजे कंपनीने ‘उघड केली’ असं होतं का, यावर कंपनीचे वकील भांडतील. म्हणून भर निष्काळजीपणावर द्यावा. आणि एक मर्यादा खरीच आहे: ग्राहक ठरायला मोबदला दिलेला असावा लागतो. फुकट वापरलेल्या अ‍ॅपबद्दल तिथे जाणं अवघड. पण विमा, विमान तिकीट, बँकेची शुल्क घेऊन दिलेली सेवा यांत तो प्रश्न येत नाही.

सामूहिक तक्रारीचं शास्त्र गेल्या दहा वर्षांत घरबांधणीच्या खटल्यांतून घडलं आहे. राष्ट्रीय आयोगाच्या तीन सदस्यांच्या पीठाने २०१६ मध्ये अंबरीश कुमार शुक्ला प्रकरणात सांगितलं की सगळ्यांचं हित आणि मागणी सारखी हवी, प्रत्येकाचा व्यवहार एकाच दिवसाचा असण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेस प्रकरणात याला व्यवहारी वळण दिलं. १,१३४ सदनिकांच्या प्रकल्पातल्या ५१ सदनिकांचे ९१ खरेदीदार सगळ्यांच्या वतीने आले होते. न्यायालय म्हणालं, सगळ्यांचं हित सारखं आहे हे तुम्ही दाखवलेलं नाही. पण तुम्ही स्वतःपुरती संयुक्त तक्रार चालवू शकता. माहितीच्या गळतीसाठी मला हाच रस्ता जास्त चालण्यासारखा वाटतो. कोट्यवधी लोकांचं प्रतिनिधित्व करायचं तर जाहीर नोटिशी द्याव्या लागतात, आणि हित सारखं आहे की नाही यावरच वर्षं जातात. एकाच कंपनीची पॉलिसी असलेल्या, एकाच गळतीत सापडलेल्या पंधरा-वीस कुटुंबांनी एकत्र सही करणं सोपं आहे.

पैशाचा प्रश्न राहतोच. अमेरिकेत वकील जिंकल्यावर वाटा घेतो, म्हणून तो स्वतः खर्च करून दावा लढवतो. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी असा वाटा घेणं वकिलाला मना आहे. पण वकील नसलेल्या तिसऱ्या माणसाने दाव्याला पैसा पुरवणं इथे बेकायदा नाही. महाराष्ट्राने तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २५ व्या आदेशात दुरुस्ती करून अशा पुरवठादाराची दखलही घेतलेली आहे. ही सोय आपल्याकडे जवळपास वापराविना पडून आहे. ग्राहक संघटनांनी हा भार उचलावा असं मला वाटतं. ग्राहक पंचायतीचा जन्मच महाराष्ट्रातला, १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ती सुरू केली, आणि १९८६ च्या मूळ कायद्यामागे त्या चळवळीचं बळ होतं.

एकत्र येऊन मागणं आपल्या शहराला नवं नाही. २०२३ मध्ये आदर्श नागरी पतसंस्थेतल्या सुमारे २०० कोटींच्या घोटाळ्यानंतर इथले ठेवीदार रस्त्यावर उतरले. त्यांच्या बाजूने १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा होता, ज्यात मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देण्याची तरतूद आहे. ठेव बुडाली की माणूस हादरतो, पासबुक घेऊन धावतो. माहिती बुडाल्याचं पासबुक नसतं, त्यामुळे शेजाऱ्याची आणि आपली माहिती एकाच दिवशी गेली हे दोघांनाही कळत नाही. नवा कायदा कंपनीला प्रत्येकाला कळवायला लावणार आहे, ते या दृष्टीने मोलाचं आहे. ते पत्र किंवा ईमेल आला की पुसून टाकू नये. त्यात गळतीची कबुली असेल, कुठली माहिती गेली ते असेल, आणि तारीख असेल. ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मोजताना ती तारीख कामी येते. सोबत पॉलिसीची प्रत, हप्त्याच्या पावत्या, त्यानंतर आलेल्या संशयास्पद फोनचे नंबर आणि वेळा, आणि पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर केलेल्या तक्रारीचा क्रमांक.

२०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे कंपनी चेन्नईची असली तरी प्रकरण छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा आयोगात चालू शकतं. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, वकील देणं सक्तीचं नाही, आणि अपिलासाठीही मुंबई गाठावी लागत नाही. राज्य आयोगाचं परिक्रमा खंडपीठ याच शहरात बसतं.